लेबलवर न मावलेला शब्द

आंटींच्या गाळ्यावर कोर्टाची माणसं आली तेव्हा मी मागच्या बाजूला डबा गरम करत होते. पुढून आंटींचा आवाज आला, "अगं, चार खुर्च्या आण. आणि पंखा मोठा कर." मला वाटलं कोणी मोठं गिऱ्हाईक आलंय. खुर्च्या घेऊन पुढे गेले तर दारात दोन पोलीस, काळा कोट घातलेली एक तरुण वकीलबाई, टाय लावलेले दोन पुरुष, आणि आणखी एक जण मोबाईल उभा धरून आमच्या गाळ्याचं शूटिंग करत होता.

वकीलबाईंनी सांगितलं की त्या कोर्टाने नेमलेल्या कमिशनर आहेत. शिलाई मशीन बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीने मुंबईच्या कोर्टात आमच्यावर दावा लावला होता. आम्ही त्यांचं नाव आणि त्यांची ती विशिष्ट वळणाची अक्षरं परवानगीशिवाय वापरतो आणि त्यांच्या नावाने बनावट सुटे भाग विकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. कोर्टाने आमची बाजू ऐकण्याआधीच हुकूम दिला होता. नाव वापरणं बंद करायचं, बोर्ड झाकायचा, माल मोजून सील करायचा.

त्या कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं होतं, त्याचं काय झालं तेच सांगायला बसले आहे.

आंटी माझ्या नात्यातल्या कोणी नव्हत्या. त्या उमेळ्याच्या, ख्रिस्ती शेतकरी घरातल्या. वसई पूर्वेला कारखान्यांची जी वसाहत आहे तिथे त्यांचा एक गाळा होता, शिलाई मशीन दुरुस्तीचा. त्यांचे वडील मुंबईत कपड्यांच्या कारखान्यात फिटर होते. मशीनचे मोडके भाग ते रुमालात बांधून घरी आणायचे आणि रविवारी चर्चमधला मिस्सा झाला की ओट्यावर बसून कानशीने घासत तसेच नवे बनवायचे. शेजारी बसून बघणारी मुलगी म्हणजे आमच्या आंटी. भाऊ नोकरीला आखातात गेले, आंटी कानशीपाशी राहिल्या. यजमान शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त. गाळ्यातले सगळे त्यांना सर म्हणायचे. उमेळ्याला त्यांची वाडी होती, त्यातली बरीच आता इमारतींखाली गेली. उरलेल्या केळी सर सांभाळायचे.

मी मनवेलपाड्यातली. बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसल्यावर कोणीतरी या गाळ्याचं नाव सांगितलं. मशीनमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या दिवशी आंटींनी माझ्या हातात दोन स्क्रू ठेवले आणि विचारलं, "यात फरक काय?" मी म्हटलं, "काहीच नाही." त्या म्हणाल्या, "बरं झालं खरं बोललीस. फरक आहे, पण दिसायला वर्ष लागतं." फोन घेणं, बिलं करणं, नेटवर पार्ट नंबर शोधणं आणि लेबलं छापणं ही माझी कामं झाली.

त्या कंपनीचं एक जुनं ओव्हरलॉक मशीन आहे. ओव्हरलॉक म्हणजे कापडाची कड कापून ती दोऱ्याने बांधणारं मशीन. नालासोपारा, विरार, मनवेलपाडा, जिथे जिथे बायका घरात बसून कपडे शिवतात तिथे ते सापडतं, कारण ते मरत नाही. पण त्यातला लूपर नावाचा एक वाकडा पोलादी भाग झिजतो, आणि कंपनीने तो बनवणं कधीच बंद केलं होतं. कंपनीच्या दुकानात गेलं की ते नवं मशीन घ्या म्हणतात. आंटी तो लूपर बनवायच्या. लेथवर कातून, कानशीने घासून, तापवून पाणी देऊन, पुन्हा घासून. प्रत्येकावर ठोक्याने, म्हणजे अक्षर कोरलेल्या पोलादी छाप्याने, एक छोटा 'उ' उठवायच्या. उमेळ्याचा उ. तो ठोकाही त्यांनी स्वतःच बनवला होता.

आता कमिशनरबाईंकडे वळते. आंटींनी हुकूम हातात घेतला, चष्मा लावला आणि उभ्यानेच पहिली दोन पानं वाचली. इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी यायचं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. मोजा. भागांना तेल लागलंय, तुमचे कपडे खराब होतील. हातमोजे देऊ?"

मोजणी तीन तास चालली. लूपर, हुक, दाते, सुयांचे दांडे. टायवाला एक जण प्रत्येक पाकीट उचलून लेबल कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि मोठ्याने कंपनीचं नाव वाचायचा. वसाहतीतली माणसं दारात जमली होती. शेवटी कमिशनरबाई म्हणाल्या, "झालं ना सगळं?" टायवाल्यांनी मान हलवली. तेवढ्यात आंटी म्हणाल्या, "नाही. लेथच्या खाली एक ड्रॉवर आहे, तो राहिला."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या ड्रॉवरमध्ये आठवड्याचं ताजं काम होतं, नुकतं पाणी दिलेलं. ते कोणालाच दिसलं नव्हतं. आंटींनी स्वतः वाकून ड्रॉवर ओढला आणि टेबलावर ठेवला. कमिशनरबाईंनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि तेही मोजलं.

सात खोके झाले. वर चिकटपट्टी, तिच्यावर सह्या, लाखेचं सील. नियमाप्रमाणे ते खोके आंटींच्याच ताब्यात ठेवायचे होते, कोर्ट सांगेपर्यंत न उघडता. तशा कागदावर आंटींनी सही केली. जाताना पोलिसांनी बोर्डावर काळं प्लास्टिक बांधलं.

माणसं गेल्यावर आंटी पहिलं काय बोलल्या तर, "तुझा डबा गार झाला असेल. जेवून घे."

मला जेवण गेलं नाही. त्याचं कारण कोणालाच माहीत नव्हतं. बोर्ड माझं काम होतं. दोन वर्षांपूर्वी जुना रंगवलेला बोर्ड उडाला होता, तेव्हा मी नेटवरून कंपनीचं नाव त्यांच्याच अक्षरांत, त्यांच्याच रंगात उतरवून फ्लेक्सवाल्याला दिलं होतं. आंटींचं नाव खाली बारीक गेलं होतं. आणि लेबलं. लेबलवर आंटींनी मला लिहून दिलं होतं ते इंग्रजीत असं होतं: लूपर, फॉर अमुक कंपनी, अमुक मॉडेल. फॉर म्हणजे साठी. पण आमचा प्रिंटर लहान, लेबल त्याहून लहान. ओळ मावेना. अक्षरं बारीक केली तर वाचता येईनात. मी 'फॉर' काढून टाकला. अर्थ तर कळतोय, असं मला वाटलं होतं. 'अमुक कंपनीसाठी लूपर' याचं मी 'अमुक कंपनीचा लूपर' करून टाकलं होतं, हे दाव्याच्या कागदावर लेबलचा मोठा केलेला फोटो पाहिला तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

दुसऱ्या दिवशी सर गाळ्यावर आले आणि दाव्याचे सगळे कागद वाचून काढले. त्यात कंपनीने पाठवलेल्या एका माणसाचं प्रतिज्ञापत्र होतं. तो गिऱ्हाईक म्हणून आला होता आणि त्याने दोन लूपर घेतले होते. मला तो आठवत होता. त्याने "कंपनीचाच आहे ना?" असं विचारलं होतं आणि आंटी लेथवरून मान न उचलता म्हणाल्या होत्या, "कंपनीने बंद केला. हा मी केलेला आहे." प्रतिज्ञापत्रात हे वाक्य नव्हतं.

आंटींच्या ओळखीचे एक तरुण वकील वसई कोर्टात होते. त्यांनी कागद दोन दिवस ठेवून घेतले आणि मग गाळ्यावर येऊन सरळ सांगितलं.

"आंटी, कोणत्या मशीनला कोणता भाग बसतो हे सांगायला कंपनीचं नाव घ्यावंच लागतं. ते कायद्याला चालतं. ते नाही चालत असं कोणी म्हणणार नाही. पण त्यांची अक्षरं, त्यांचा रंग आणि हे लेबल, इथे आपण अडकतो. बघणाऱ्याला वाटणार की दुकान कंपनीचं आहे."

"बरोबर आहे," आंटी म्हणाल्या.

"त्यांचा वकील तडजोडीला तयार आहे. तुमच्याकडून एक पै नको. एका कागदावर सही करायची. आम्ही बनावट माल विकला हे मान्य, यापुढे विकणार नाही. सील काढून माल नष्ट करायचा. विषय संपला."

आंटींनी कागद घेतला. एक ओळ बोटाने दाखवली. "हा 'बनावट' शब्द काढायला सांगा. बाकी सगळं लिहून देते. बोर्ड चुकला, लेबल चुकलं, अक्षरं परत वापरणार नाही."

वकिलांनी पत्र लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं. शब्द निघणार नव्हता. असा मसुदा ते सगळ्यांनाच देतात आणि सगळे सही करतात, असं उत्तर होतं.

त्या दिवशी गाळ्यात सर आणि आंटींचं भांडण झालं. आधी त्यांच्या घरच्या बोलीत, ती मला निम्मीच कळायची. मग सर माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाले, बहुधा मला साक्षीला घ्यायचं म्हणून, "तूच सांग हिला. साठीला आलेली बाई. एका शब्दापायी मुंबईच्या कोर्टाच्या पायऱ्या चढणार? कोण वाचतं तो कागद? फायलीत जाऊन पडेल."

आंटी म्हणाल्या, "मी वाचलाय ना. चुकलं असेल ते मी चुकलं म्हणते. बनावट म्हणजे खोटं. मी एकही खोटा पीस दिला नाही. जे केलं नाही त्यावर सही कशी करू?"

सर उठून केळींना पाणी घालायचंय म्हणत निघून गेले. भर दुपारी. आंटी पुन्हा कामाला लागल्या. मी तेव्हा सांगायला हवं होतं की हे सगळं माझ्यामुळे झालं. तोंडापर्यंत आलं होतं. पण नोकरी जाईल ही भीती होती, आणि खरं तर त्याहून जास्त, त्या माझ्याकडे कशा बघतील याची.

शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस होते. आमच्या मनवेलपाड्यातल्या चाळीत एक ताई शाळेचे गणवेश शिवते. दीडशे पिनाफोरचं काम घेऊन बसलेली, आणि तिच्या ओव्हरलॉकचा लूपर तुटला. ती मशीन रिक्षात घालून थेट गाळ्यावर आली. रडायचीच बाकी होती. "आंटी, कसंही करा. सोमवारी माल द्यायचाय."

मला माहीत होतं की चौथ्या खोक्यात तोच लूपर आहे. मीच पाकिटं लावली होती. एक नाही, अकरा. ताई पाणी प्यायला मागे गेली तेव्हा मी आंटींना हळूच म्हटलं, "खोक्याच्या तळाची पट्टी उचलली तर सीलला धक्का लागणार नाही. एकच काढू. नंतर नवा बनवून परत ठेवू. कोणाला कळणार?"

आंटी माझ्यावर चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "त्या पोरीने विश्वासाने माझ्याच दुकानात ठेवलेत खोके. उचलून नेले असते तर काय केलं असतं?" ती पोरगी म्हणजे कमिशनरबाई. मग त्यांनी तुटलेला लूपर हातात घेतला, पोलादाच्या सळीचा एक तुकडा निवडला आणि लेथ सुरू केला.

दहाला सुरुवात केली. त्याआधी मी आंटींना काम करताना रोज पाहिलं होतं, पण एक भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनताना कधीच पाहिला नव्हता. माझं लक्ष नेहमी फोनमध्ये आणि प्रिंटरमध्ये. त्या दिवशी फोन फारसे येत नव्हते. बोर्डावर प्लास्टिक बघून लोकांना दुकान बंद झालं असं वाटत होतं. मी आणि ताई स्टुलांवर बसून बघत राहिलो. लेथवरचं काम तासाभरात उरकलं. बाकी सगळा दिवस कानशीचा. आंटी दोन बोटांनी घासायच्या, मग डोळे मिटून अंगठ्याने त्या वाकावरून हात फिरवायच्या, आणि पुन्हा घासायच्या. मापाचं साधन शेजारी होतं, पण ते त्या शेवटी लावायच्या, अंगठ्याचं बरोबर आहे का ते बघायला. एकदा जवळजवळ पूर्ण झालेला तुकडा त्यांनी उजेडात धरला आणि बाजूला टाकून दिला. ताईच्या तोंडून "अरे देवा" निघालं. आंटी म्हणाल्या, "हा लावला तर तुझं सोमवारचं काम होईल. पण आठ दिवसांनी सुई मोडेल." आणि नवी सळी घेतली.

पाच वाजता मशीन चालू झालं. कापडाच्या कडेवर टाके असे बसले जणू कोणी छापलेत. आंटींनी त्याआधीच त्यावर उ ठोकला होता. मी बिलासोबत द्यायला लेबल केलं, प्रिंटरवर नाही, पेनाने. कंपनीचं नाव लिहायला बंदी होती म्हणून नुसता मॉडेलचा नंबर लिहिला, आणि त्याच्यापुढे स्पष्ट अक्षरांत 'साठी' लिहिलं. आंटींनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते बिलाला टाचलं.

पावसाळ्यात कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी एका खोलीत बसून मार्ग निघतो का ते बघायचं. आमचे वकील, आंटी आणि मी असे तिघं मुंबईला गेलो. सर आले नाहीत, पण आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या कागदांना क्रमांक घालून फाईल लावून दिली होती. मध्यस्थ म्हणून एक निवृत्त न्यायाधीशबाई होत्या. समोर कंपनीचे वकील आणि कंपनीच्या इथल्या ऑफिसातले एक अधिकारी, पन्नाशीचे, शांत. ते मशीनच्या बाजूचे, म्हणजे इंजिनियर होते, हे नंतर कळलं.

कंपनीच्या वकिलांनी बराच वेळ इंग्रजीत मांडणी केली. बाजारात किती नकली माल आहे, त्याने गिऱ्हाइकांचं कसं नुकसान होतं. ते खोटं नव्हतं. तसा माल आम्हीही पाहिला होता, चमकदार डब्यांत, कंपनीचं नाव कोरलेला, महिन्यात मोडणारा. न्यायाधीशबाईंनी आंटींना विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचंय? मराठीत बोला."

आंटींनी पर्समधून रुमाल काढला. त्यात दोन लूपर होते. ताईच्या मशीनमधला तुटका, आणि त्या दिवशी उजेडात धरून टाकून दिला होता तो.

"मॅडम, हा त्यांच्या कंपनीचा. पंचवीस वर्षं चालला, मग तुटला. चांगला माल आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. हा मी केलेला, तोही फसलेला. चांगला आणता आला नाही, चांगले सगळे सीलमध्ये आहेत."

अधिकाऱ्यांनी हात पुढे केला. फसलेला लूपर त्यांनी बराच वेळ बोटांत फिरवला. मग आंटींना हिंदीत विचारलं, "इसमें क्या खराबी है?"

"टोकाला बघा. केसभर जाड आहे."

त्यांनी खिशातून चष्मा काढला. पाहिलं. "और ये क्या है, इस तरफ?"

फसलेल्या तुकड्यावरही आंटींनी उ ठोकला होता. आधी ठोकायचा, मग शेवटचं घासायचं, अशी त्यांची पद्धत होती.

"उमेळे. माझं गाव. मी केलेल्या प्रत्येकावर असतो. उद्या मोडला तर लोकांनी मला शिव्या घालाव्या, कंपनीला नाही, म्हणून."

कंपनीच्या वकिलांनी कागद चाळले. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मग बोर्ड आणि लेबल? तिथे तर तुमचं गाव दिसत नाही."

"ते चुकलं. पूर्ण चुकलं. लोकांना कंपनीचं दुकान वाटलं असेल तर त्यात त्यांचा दोष नाही."

"कोणी केलं ते?"

मी फाईलकडे बघत राहिले. आंटींनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "गाळा माझा आहे, मॅडम. मीच लावलं."

पुढच्या तारखेच्या आधी दोन्ही बाजूंच्या संमतीने खोके उघडायचं ठरलं. त्याच कमिशनरबाई पुन्हा वसईला आल्या. सोबत ते अधिकारी. सील जसंच्या तसं होतं. अधिकाऱ्यांनी एकेक पाकीट उघडून भिंगाने पाहिलं. मोठ्या भागांवर सगळीकडे उ होता. बारीक स्क्रूंवर नव्हता, तिथे ठोका मावतच नाही, हे आंटींनी आधीच सांगितलं होतं. दोन हुकांवर नव्हता आणि मावला असता. ते आंटींनी स्वतः उचलून वेगळे ठेवले. "हे राहिले. लिहून घ्या." कमिशनरबाईंनी लिहून घेतलं. अधिकारी मात्र तोवर लेथपाशी जाऊन उभे होते आणि आंटींच्या कानशी एकेक करून बघत होते. त्यातल्या एकीची मूठ आंटींच्या वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेली होती.

तडजोडीचा कागद शेवटी झाला. 'बनावट' हा शब्द त्यात नव्हता. बोर्डावर आंटींचं नाव मोठं आणि वर येणार होतं. त्याखाली साध्या अक्षरांत, या कंपनीच्या जुन्या मशीनसाठी दुरुस्ती व सुटे भाग मिळतात, आणि दुकानाचा कंपनीशी संबंध नाही, असं लिहायला परवानगी. प्रत्येक लेबलवर 'फॉर' हवाच, कंपनीच्या नावाइतक्याच आकाराचा. जुनी सगळी लेबलं नष्ट करायची. माल परत. खर्च ज्याचा त्याने सोसायचा. आंटींनी प्रत्येक पान वाचूनच सही केली.

सही करून बाहेर पडल्यावर आमचे वकील त्यांच्या कामाला गेले. कोर्टाबाहेर आम्ही दोघी रस्त्याकडेला चहा प्यायला थांबलो आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. अक्षरं कुठून उतरवली, 'फॉर' का काढला, आणि त्या दिवशी खोलीत मी गप्प का बसले.

आंटींनी चहा संपवला. "बोर्डाचं प्रूफ तू मला दाखवलं होतंस. आठवतंय? मी हो म्हटलं होतं. ती अक्षरं मलाही आवडली होती गं. दुकान एकदम मोठं वाटायला लागलं होतं. वडिलांनी बघायला हवं होतं असंसुद्धा माझ्या मनात आलं." मग म्हणाल्या, "लेबलचं मात्र मला माहीत नव्हतं. ते कागद आले तेव्हा कळलं. तू सांगशील म्हणून वाट बघत होते. उशीर केलास."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं आणि चहावाल्याला आणखी एक चहा सांगितला.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. नालासोपाऱ्याच्या दोन कारखान्यांनी त्या काळात दुसरा मेकॅनिक धरला, ते परत आले नाहीत. वसाहतीत अजूनही कोणीतरी म्हणतं की तिथे धाड पडली होती. सरांचं रक्तदाब वाढण्याचं दुखणं त्याच दिवसांतलं, आणि आंटींच्या मनाला ते लागून राहिलंय. हट्टी बाई आहे, असं सर अजून म्हणतात, पण तडजोडीच्या कागदाची एक प्रत त्यांनी घरी बायबलच्या शेजारी ठेवलीय, हे मी स्वतः पाहिलंय.

मी लेबलं नवी केली. त्यासाठी थोडा मोठा रोल मिळतो, तो आधीही मिळत होता. आणि आठवड्यातून तीन दिवस दुपारी मी आता कानस घेऊन बसते. स्क्रूंमधला फरक दिसायला मला एक नाही, चार वर्षं लागली.

मागच्या थंडीत गाळ्यावर फोन आला. तेच अधिकारी. कंपनीकडे जुन्या मॉडेलच्या तक्रारी येत होत्या आणि त्यांच्या तरुण टेक्निशियनना ते मशीन उघडता येत नव्हतं. आंटींनी त्यांच्या ऑफिसात येऊन शिकवावं, असं ते विचारत होते. आंटी म्हणाल्या, "मला तिकडे जमणार नाही. माझी हत्यारं इथे आहेत. तुमची माणसं पाठवा."

दोघं आले. छातीवर कंपनीचं नाव भरतकामात काढलेले निळे टी-शर्ट. तीन दिवस आमच्या स्टुलांवर बसले. पहिल्या दिवशी त्यांनी लॅपटॉप उघडून ठेवला होता, दुसऱ्या दिवशी तो बॅगेतच राहिला. तिसऱ्या दिवशी एकाने मशीन सोडवलं, लूपर बसवला, सुई आणि लूपरची वेळ जुळवली आणि मोटार सुरू केली. टाके सुटायला लागले. तो म्हणाला, "आंटी, मॅन्युअलमध्ये दिलंय तसंच केलंय मी."

"मॅन्युअल नव्या मशीनचं आहे," आंटी म्हणाल्या. "हे पंचवीस वर्षं चाललंय. याला विचार." आणि त्यांनी त्याचा अंगठा धरून मशीनच्या आत, झिजलेल्या दांड्यावर ठेवला. "लागलं का हाताला?"

तो बराच वेळ अंगठा तसाच ठेवून बसला. मग म्हणाला, "नाही लागत."

"मग बस अजून," आंटी म्हणाल्या, आणि मला चहा टाकायला सांगितला.